वाचक विचारतात : महाविद्यालयाच्या आवारातील वाय-फाय

नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांतून वाय-फायसंबंधी बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून, संस्थांची नावे गाळून, उत्तरांसह येथे देत आहोत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमच्या आवारात दोन इमारती आहेत. एक जुनी, दुमजली, दीड फूट जाडीच्या भिंतींची आणि १२ खोल्यांची. दुसरी सात मजली असून तीत ३६ वर्गखोल्या (त्यांपैकी ४ खोल्या १२० आसनांच्या, बाकीच्या ६० आसनांच्या), १५० जणांची अभ्यासिका आणि ५०० आसनांचे सभागृह आहे. वाय-फायसाठी दोन दरपत्रके आली आहेत. एका ठेकेदाराने सर्व मार्गिकांत मिळून २४ अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारी, भिंतीवर किंवा छताला लावायची उपकरणे) सुचवले आहेत; दुसऱ्याने खोलीगणिक एक आणि सभागृहात दोन, असे ६०. रकमांमध्ये दुपटीहून अधिक तफावत आहे आणि व्यवस्थापन समितीचा कल अर्थातच पहिल्याकडे आहे. कोणाचे ऐकावे?
— उपप्राचार्य, ठाणे (पश्चिम)

उत्तर : आवारात एका वेळी माणसे किती असतात, हा प्रश्न दोन्ही ठेकेदारांनी विचारलेला दिसत नाही. पहिल्याने मजले मोजले आणि दुसऱ्याने दरवाजे. त्यामुळे दोघांपैकी एकाची निवड करण्याआधी आपण स्वतःच वेळापत्रक समोर घेऊन कागदावर हिशेब मांडावा, असे मी सुचवीन.

हिशेबाचा पाया असा. एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातील एका ठरावीक तुकड्यावर, एका क्षणी एकच उपकरण बोलू शकते. बाकीच्यांना थांबावे लागते. वाय-फाय ६ चा, दोन अँटेनांचा नेहमीचा फोन २० मेगाहर्ट्झच्या चॅनलवर कागदोपत्री २८६.८ एमबीपीएसपर्यंत जातो, परंतु त्यातला मोठा वाटा पाळी ठरवण्यात आणि पोचपावत्या देण्यात जातो. शिवाय खोलीच्या कोपऱ्यातला, सिग्नल क्षीण असलेला फोन तेवढीच माहिती पाठवायला कितीतरी अधिक वेळ घेतो आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून वजा होतो. म्हणून गर्दीच्या खोलीत एका रेडिओकडून (लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाकडून) मी ७० ते ८० एमबीपीएसपेक्षा अधिक अपेक्षा ठेवत नाही आणि प्रत्यक्ष वापरात असलेली साधारण ४० उपकरणे एवढीच त्याची क्षमता धरतो. खिशात जोडलेल्या अवस्थेत पडून असलेले फोन यात मोजायचे नाहीत.

आता आपले आकडे. नेहमीच्या तासाला वर्गातील एकतृतीयांश फोन वापरात असतात असे धरले, तर ६० आसनांच्या खोलीत ते २० होतात. म्हणजे नव्या इमारतीतील अशा दोन खोल्यांना, मधली भिंत पाच इंची विटांची असल्यास, एक अ‍ॅक्सेस पॉइंट पुरेल : ३२ खोल्यांना १६. मोठ्या ४ खोल्यांना प्रत्येकी एक. अभ्यासिकेत जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी उघडून बसलेला असतो, म्हणून १५० जणांना ४. सभागृहात कार्यक्रमाच्या मध्यंतरात दोनतृतीयांश प्रेक्षक फोनवर असतात असे मानले, तर सुमारे ३३० उपकरणांसाठी ८ लागतील. जुन्या इमारतीत माणसांपेक्षा भिंतींचाच विचार करावा लागतो. दीड फुटी भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचा (२.४ आणि ५ या वाय-फायच्या नेहमीच्या दोन पट्ट्यांपैकी वरच्याचा) सिग्नल कामाचा उरत नाही, म्हणून तेथे खोलीगणिक एक, असे १२. कार्यालय, प्राध्यापक कक्ष आणि उपाहारगृह यांना ४. बेरीज ४८ होते. ऑनलाइन परीक्षेसाठी ६० आसनांच्या ८ खोल्या राखून ठेवणार असाल, तर तेथे सगळेच फोन एका मिनिटात हालचाल करतात; त्या खोल्यांना प्रत्येकी स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट दिल्यास आकडा ५२ वर जातो.

हा आकडा दुसऱ्या दरपत्रकाच्या जवळचा वाटेल, परंतु वाटणी फार निराळी आहे. दुसऱ्याने वर्गांवर उधळपट्टी केली आहे आणि सभागृहाला उपाशी ठेवले आहे. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी, नेमके विश्वस्त आणि पाहुणे उपस्थित असताना, त्या दोन अ‍ॅक्सेस पॉइंटचा जीव जाईल. समितीला आवडलेल्या २४ बद्दल एवढेच म्हणतो की मार्गिकेत जो कोणी चालत असेल त्याला उत्तम वाय-फाय मिळेल.

प्रात्यक्षिकाच्या वेळी एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. रिकाम्या इमारतीत ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल लावून वेगचाचणीचे डोळे दिपवणारे आकडे दाखवण्याची पद्धत आहे. ५ गिगाहर्ट्झमध्ये रडारसाठी जागा सोडण्याची अट नसलेले २० मेगाहर्ट्झचे चॅनल नऊ आहेत : ३६ ते ४८ हे चार आणि १४९ ते १६५ हे पाच. ८० मेगाहर्ट्झची रुंदी घेतली की त्या नवांचे दोनच उरतात आणि शेजारशेजारचे अ‍ॅक्सेस पॉइंट एकमेकांचे बोलणे संपण्याची वाट पाहत बसतात. म्हणून वर्गांत २० मेगाहर्ट्झच ठेवावे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये तर एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ एवढे तीनच चॅनल आहेत. तेव्हा निम्म्याहून अधिक अ‍ॅक्सेस पॉइंटमधला तो रेडिओ बंद ठेवावा लागेल, आणि विकत घेतलेली वस्तू बंद का ठेवायची, या समितीच्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवावे लागेल.

दरपत्रकात स्विचची (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीची) ओळ सहसा कोणी वाचत नाही, ती वाचावी. अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या केबलमधूनच मिळते. बाजारातील २४ पोर्टच्या अनेक स्विचांची एकूण वीजक्षमता ३७० वॅटच्या आसपास असते. प्रत्येकी २० वॅट घेणारे २४ अ‍ॅक्सेस पॉइंट त्याला जोडले की मागणी ४८० वॅट होते आणि मग शेवटचे काही सुरूच होत नाहीत, किंवा आपले निम्मे रेडिओ निमूटपणे बंद करतात. स्विचपासून अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंतची तांब्याची केबल सर्व जोडण्या धरून १०० मीटरच्या आत हवी. सात मजल्यांसाठी तळमजल्यावर एकच रॅक (स्विच ठेवण्याची मांडणी) दाखवला असेल, तर केबलचे माप स्वतः काढून पाहावे.

निविदेत निकष लिहून द्यावेत : प्रत्येक आसनावर, फोनने मोजलेला सिग्नल उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप; शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) किंवा त्याहून चांगला असावा, गोंगाटापेक्षा तो किमान २५ डेसिबल वर असावा, आणि ही मोजणी सुट्टीत न करता वर्ग भरलेले असताना व्हावी. देयकाचा शेवटचा हप्ता त्या मोजणीनंतरच द्यावा.

प्रश्न : वसतिगृहातल्या माझ्या खोलीत मोबाइलवर वाय-फायच्या रेघा पूर्ण दिसतात, तरी व्हिडिओ कॉल तुटतो आणि फाइल पाठवताना फार वेळ लागतो. तक्रार केली तर "रेंज तर आहे" असे उत्तर मिळते. रेक्टर सरांनी पॉवर वाढवून घेतली, त्याने काही फरक पडला नाही.
— विद्यार्थिनी, नेरुळ

उत्तर : तुमच्या फोनवरच्या रेघा अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज तुमच्यापर्यंत किती जोरात पोहोचतो, एवढेच सांगतात. तुमच्या फोनचे म्हणणे त्याला ऐकू जाते का, हे त्या सांगत नाहीत. सभेत ध्वनिक्षेपकावरून बोलणारा शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतो, पण शेवटच्या रांगेतून विचारलेली शंका व्यासपीठावर पोहोचत नाही, त्यातला हा प्रकार आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट २० डीबीएम, म्हणजे १०० मिलीवॅटने बोलत असेल, तर बॅटरी जपणारा फोन बहुधा १२ ते १५ डीबीएमने, म्हणजे १६ ते ३२ मिलीवॅटने उत्तर देतो. पॉवर आणखी वाढवल्याने रेघा वाढल्या, फोनचा आवाज होता तेवढाच राहिला. फाइल पाठवताना अडचण अधिक जाणवते, याचे कारण हेच असावे.

पॉवर वाढवण्याचा दुसरा तोटा असा की लांबच्या अ‍ॅक्सेस पॉइंटलाही फोन चिकटून राहतो आणि जवळचा मोकळा असूनही तिकडे जात नाही. कोठे जोडायचे याचा निर्णय शेवटी फोनच घेतो.

तुमच्या वसतिगृहातील अ‍ॅक्सेस पॉइंट मार्गिकेच्या छतावर ओळीने लावलेले असतील, असे पत्रावरून वाटते. लांब, मोकळ्या मार्गिकेत ते एकमेकांना स्वच्छ ऐकतात, म्हणून पाळ्या लावत बसतात. आणि तुमच्यापर्यंत येताना सिग्नलला भिंत, न्हाणीघर आणि लोखंडी कपाट ओलांडावे लागते. नवे जाळे करताना वसतिगृहात भिंतीवरच्या खोक्यात बसणारे छोटे अ‍ॅक्सेस पॉइंट, दोन खोल्यांआड एक, खोलीच्या आत लावणे हा उत्तम मार्ग आहे. ते लगेच शक्य नसेल तर रेक्टर सरांना तीन विनंत्या करा : पॉवर १४ डीबीएमच्या आसपास खाली आणावी, १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने सावकाश दर बंद करावेत, आणि मार्गिकेतल्या शक्य तेवढ्या अ‍ॅक्सेस पॉइंटची जागा बदलून ते खोल्यांत घ्यावेत. तिसरी विनंती मान्य व्हायला वेळ लागेल. पहिल्या दोन कंट्रोलरवर (सगळे जाळे एका जागेवरून चालवणाऱ्या यंत्रणेवर) बसून करण्यासारख्या आहेत आणि त्यांना खर्च नाही.

प्रश्न : इमारतीचे नकाशे संगणकात भरून आम्ही नियोजनाच्या सॉफ्टवेअरवर आराखडा केला. सर्वत्र हिरवा रंग, म्हणजे चांगला सिग्नल, आला आहे. तरीही प्रत्यक्ष जागेवर पाहणी करावी, असे सल्लागार म्हणतात. हा जादा खर्च आवश्यक आहे का?
— प्राध्यापक, संगणक विभाग, ऐरोली

उत्तर : आवश्यक आहे; मात्र संपूर्ण इमारतीची पाहणी नको, निवडक ठिकाणांची पुरे. सॉफ्टवेअरमध्ये भिंत काढताना तिचा प्रकार आपणच निवडतो आणि तेथेच सगळी गोम असते. "वीट" म्हणून निवडलेली भिंत प्रत्यक्षात विटांची आहे, की दुरुस्तीच्या वेळी घातलेली काँक्रीटची, हे वास्तुविशारदाच्या नकाशात दिसत नाही. जिप्समचे पार्टिशन तीनएक डेसिबल खाते, साधी विटांची भिंत त्याच्या दुपटीच्या आसपास, आणि सळयांच्या काँक्रीटची भिंत सहज १५ ते २०. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, हे लक्षात घेता एका चुकीच्या निवडीने हिरव्याचे लाल व्हायला वेळ लागत नाही.

पाहणी कशी करावी, हे एका भिंतीपुरते सांगतो. उंच तिपाईवर किंवा रंगकाम करणाऱ्यांच्या घोडीवर, जो घ्यायचा आहे तोच अ‍ॅक्सेस पॉइंट छताजवळ बांधावा, त्याला पॉवर बँकेतून वीज द्यावी आणि चॅनल व पॉवर स्थिर ठेवावी. भिंतीच्या अलीकडे, अ‍ॅक्सेस पॉइंटपासून काही मीटर दूर उभे राहून फोनवर डीबीएम वाचावेत. मग दार लावून घेऊन भिंतीच्या पलीकडे, तेवढ्याच अंतरावर पुन्हा वाचावेत. दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या भिंतीची खरी किंमत. फोन छातीशी न धरता हात लांब करून धरावा, कारण माणसाचे शरीरही काही डेसिबल अडवते. हा आकडा सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रकारच्या सर्व भिंतींना द्यावा आणि आराखडा पुन्हा चालवावा. प्रत्येक प्रकारच्या भिंतीला एकदा एवढे केले की सल्लागाराच्या खर्चाचे सार्थक होते.

लिफ्टचा दगडी गाळा, जिन्याची काँक्रीटची पेटी, ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या, प्रयोगशाळेतील धातूची जाळी आणि उन्हासाठी धातूचा मुलामा दिलेली काच, एवढी ठिकाणे चुकवू नयेत. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या नव्या, काचेच्या दर्शनी भागाच्या इमारतींत शेवटची बाब हमखास फसवते : डोळ्यांना आरपार दिसते, सिग्नलला दिसत नाही.

प्रश्न : महाविद्यालयाला लागून चार गृहनिर्माण सोसायट्या आहेत. त्यांचे पन्नासेक राउटर आमच्या वर्गांत दिसतात. ते चॅनल सोडण्यास त्यांना सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे का?
— व्यवस्थापक, वाशी

उत्तर : नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याविना वापरता येतो आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत भाग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. जो परवान्याविना वापरतो त्याला दुसऱ्याच्या व्यत्ययापासून संरक्षण मागता येत नाही. सोसायट्यांकडच्या खोल्यांत २.४ वर भिस्त ठेवू नये. ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर अडतो, ही त्याची खोड येथे आपल्या पथ्यावर पडते.

प्रश्न : मुख्य इमारत आणि मैदानापलीकडील कार्यशाळा यांत सुमारे २०० मीटर अंतर आहे. पावसाळ्यात तेथले वाय-फाय वारंवार जाते. आधी तांब्याची केबल होती. वीज चमकल्यावर दोन्हीकडचे स्विच जळाले, म्हणून गेल्या एप्रिलमध्ये ५ गिगाहर्ट्झचा बिनतारी दुवा घातला. आता पावसामुळे सिग्नल तुटतो, असे ठेकेदार सांगतो.
— कार्यशाळा अधीक्षक, खारघर

उत्तर : ठेकेदाराने पावसावर आळ घेतला आहे. ताशी १०० मिलिमीटरचा मुसळधार पाऊसही ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचे किलोमीटरमागे अर्धा डेसिबल एवढेच नुकसान करतो. २०० मीटरला ते नगण्य आहे. दुवा ६० गिगाहर्ट्झचा असता तर गोष्ट वेगळी होती, कारण तेथे हाच पाऊस किलोमीटरमागे तीसएक डेसिबल नेतो.

खरे कारण बहुधा झाडे हे असावे. एप्रिलमध्ये, गुलमोहर निष्पर्ण असताना दुवा जुळवला गेला. जूनअखेर तोच गुलमोहर भरगच्च झाला आणि पाने पाण्याने निथळू लागली. ओली पाने सिग्नल चांगलाच अडवतात. दोन टोके एकमेकांना दिसली म्हणजे झाले, हा समज अपुरा आहे : २०० मीटरच्या दुव्याला मध्यावर सरळ रेषेच्या सभोवती सुमारे पावणेदोन मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते आणि तिचा निदान ६० टक्के भाग रिकामा हवाच. झाड तोडण्याचा विचार करू नये, त्याला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. खांब उंच करावा.

दुसरी शक्यता पाण्याची आहे. केबल खोक्यात वरून शिरत असेल तर पाणी तिच्यावरूनच आत जाते. तिला खोक्याच्या खालच्या बाजूने आत घ्यावे आणि त्याआधी खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशावर टपकून जाते. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या हवेने जोडांवर हिरवा थर चढला असेल, तर ते जोड बदलावेत.

कायमचा उपाय मात्र सिंगल मोड फायबर हाच आहे. दोन इमारतींचे अर्थिंग वेगवेगळे असते आणि जवळपास वीज पडली की त्यांच्यातील दाबाचा फरक तांब्याच्या तारेतून धावतो. आपले स्विच त्यानेच गेले असणार. काचेच्या धाग्यातून तो धावत नाही. मात्र धातूचे कवच असलेली फायबर घेतल्यास ते कवच इमारतीत शिरण्याआधी अर्थ करावे, नाहीतर पुन्हा तेच. पाइप घालताना खणण्याचाच खर्च मोठा असतो, म्हणून त्यातच जादा धागे आणि एक रिकामा पाइप टाकून ठेवावा.

प्रश्न : आमच्याकडे सर्वांना एकच पासवर्ड आहे आणि तो बाहेरच्या चहावाल्यालाही ठाऊक झाला आहे. फोनचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक) नोंदवून घ्यावेत, असा प्रस्ताव आहे. योग्य आहे का?
— कुलसचिव कार्यालय, बेलापूर

उत्तर : त्यात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांचा वेळ जाईल आणि उपयोग थोडा होईल. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्याला आपला खरा मॅक पत्ता न देता बनवलेला पत्ता देतात. विद्यार्थ्याने जाळे "विसरून" पुन्हा जोडले की कधी कधी तोही बदलतो आणि नोंदवही निरुपयोगी होते. प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देणारी ८०२.१एक्स पद्धत घ्यावी; ती बहुतेक व्यावसायिक अ‍ॅक्सेस पॉइंटांत असतेच, सोबत रेडियस सर्व्हर, म्हणजे ती नावे व पासवर्ड तपासणारा संगणक, लागतो. फोन पहिल्यांदा जोडताना "प्रमाणपत्र तपासू नका" हा पर्याय निवडायला शिकवणारी भित्तिपत्रके अनेक संस्थांत दिसतात. ती काढून टाकावीत, कारण जाळे खरे असल्याचे प्रमाणपत्रावरूनच कळते आणि त्याच पर्यायामुळे कोणीही त्याच नावाचे खोटे जाळे उभारून पासवर्ड गोळा करू शकतो.

ही पद्धत आली की एज्युरोम या शिक्षणसंस्थांच्या सामायिक वाय-फाय व्यवस्थेत सामील होणेही सोपे होते. भारतात ती शिक्षण-संशोधन संस्थांचे जाळे चालवणाऱ्या अर्नेट इंडियामार्फत चालते. आपला विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेत गेला तरी आपल्याच नाव-पासवर्डावर जोडला जातो. जाळ्याच्या वापराच्या नोंदी जपून ठेवण्याबाबत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांची मुदत आहे. ते सेवा पुरवठादार, मध्यस्थ, कंपन्या आणि सरकारी संस्था यांना उद्देशून असले, तरी महाविद्यालयाने तीच मुदत पाळणे शहाणपणाचे ठरेल.

प्रश्न : सकाळच्या सत्रात वाय-फाय सुरळीत चालते. दुपारी वरिष्ठ महाविद्यालयाचे विद्यार्थी आले की फोन "आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे" येथेच अडकतो. अ‍ॅक्सेस पॉइंट वाढवावेत का?
— प्रयोगशाळा साहाय्यक, कळवा

उत्तर : वाढवू नका, त्यांचा यात काही दोष नाही. आपल्या जाळ्यात बहुधा २५४ आयपी पत्तेच (जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला लागणारा क्रमांक) उपलब्ध असतील आणि एकदा दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवला जात असेल. सकाळचे विद्यार्थी घरी गेले तरी त्यांचे पत्ते अडकून राहतात आणि दुपारच्यांना काही उरत नाही. डीएचसीपीच्या (पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) यादीत "दिलेले" आणि "शिल्लक" पत्ते दुपारी एकच्या सुमारास पाहा, म्हणजे खात्री होईल. पत्त्यांचा साठा १०२२ पर्यंत वाढवावा आणि राखून ठेवण्याची मुदत दोन तासांवर आणावी. छपाईयंत्रे आणि उपस्थितीची यंत्रे यांना मात्र वेगळे, कायमचे पत्ते द्यावेत, नाहीतर पुढचे पत्र कार्यालयाकडून येईल.